तंबाखूच्या मळ्यांवरील सोयरिकी

अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत, चेसापीक उपसागराच्या पूर्वेकडील किनाऱ्यावर, जॉन कस्टिस नांवाच्या एका धनाढ्य मळेवाल्याचें थडगें आहे. तो १७४९ सालीं वारला. थडग्यावरील लेखांत त्याचें वय ७१ वर्षें दिलें असून लगेच पुढें असें नमूद केलें आहे कीं, तो खरा जगला तो अवघीं सातच वर्षें; आणि तीं सात वर्षें म्हणजे आर्लिंग्टन येथील घरीं तो अविवाहित स्थितींत एकटा राहिला तेवढा काळ! हा मजकूर मुलानें कोरविला नाहीं तर त्यास इस्टेटींतून बाद करावें, अशी तजवीज म्हाताऱ्यानें मृत्युपत्रांतच करून ठेविली होती. मुलानें आपल्या आईच्या संसाराविषयींचा हा अभिप्राय मुकाट्यानें दगडावर कोरविला.

थडग्याची ही हकीकत ऐकून हंसूं येतें. पण ज्या लग्नाचा हा शेवट, तें लग्न कशासाठीं झालें आणि त्यांतून निघालेले धागे पुढें कोठकोठें जाऊन गुंतले, हें पाहूं लागलें म्हणजे तें हंसूं ओसरतें. व्हर्जिनियांतील मळेवाल्या घराण्यांच्या सोयरिकींची गोष्ट मीं आज सांगावयास घेतली आहे. ती मुख्यतः या एकाच घराण्याच्या आधारानें सांगणार आहें. कारण सगळींच घराणीं घ्यावयाचीं म्हटलीं तर श्रोत्यांपुढें नुसती वंशावळ वाचावी लागेल, आणि ती ऐकण्याची शिक्षा आपण कोणीं कां भोगावी?

इंग्रजांनीं १६०७ सालीं जेम्सटाउन येथें वसाहत केली तेव्हां तींत बायका नव्हत्या. पुढें तंबाखूचें पीक हातीं लागलें, वसाहतीस पैसा दिसूं लागला, आणि लंडनच्या कंपनीनें संसार थाटण्यासाठीं तरुण मुली जहाजांतून पाठविल्या. १६२१ सालीं आलेल्या मुलींपैकीं एकीशीं ज्यास लग्न करावयाचें असेल त्यानें १५० पौंड चांगली तंबाखू भरावी, असा दर होता. हा मुलीचा प्रवासखर्च, किंमत नव्हे, असें कंपनीचें म्हणणें. तें कसेंहि असो. त्या भूमींत लग्नाचा आणि तंबाखूचा हिशेब पहिल्यापासून एकाच वहींत लिहिला गेला.

त्या शतकांत तेथें माणसें भराभर मरत. हिंवताप आणि हगवण यांनीं नव्यानें आलेल्यांपैकीं कित्येकांचा एकदोन वर्षांतच निकाल लावला. त्यामुळें विधवा पुष्कळ, आणि बायकांची संख्या मुळांतच थोडी. इंग्रजी कायद्याप्रमाणें नवऱ्याच्या स्थावर मिळकतीचा तिसरा हिस्सा विधवेकडे तिच्या हयातीपुरता राही, आणि तिनें पुन्हां लग्न केलें तरी तो जात नसे. अशी विधवा वाऱ्यावर पडत नसे. उलट महत्त्वाकांक्षी पुरुषांची तिच्या दारीं रांग लागे. ल्यूसी हिगिन्सन नांवाच्या बाईनें एकामागून एक तिघांशीं लग्नें केलीं. तिसरा फिलिप लडवेल. ती वारल्यावर याच लडवेलनें फ्रान्सिस कल्पेपरशीं लग्न केलें, आणि तिचाहि हा तिसराच नवरा. दुसरा होता खुद्द व्हर्जिनियाचा गव्हर्नर बर्कली. बाई लडवेलच्या घरांत नांदत असतांहि स्वतःला लेडी बर्कलीच म्हणवून घेई! आपल्याकडील त्या काळच्या विधवेची स्थिति आठवली म्हणजे हें ऐकून नवल वाटतें. मात्र एक मेख ध्यानांत ठेवावयास हवी. बाईनें पुन्हां लग्न केलें कीं तिच्या हिश्शाची वहिवाट नव्या नवऱ्याच्या हातीं जाई. नवरा निवडणें तेवढें तिचें. पुढचा कारभार त्याचा.

अठराव्या शतकाच्या आरंभीं हीं घराणीं स्थिर झालीं आणि मग एकमेकांतच लग्नें करूं लागलीं. रॉबर्ट कार्टर, ज्यास लोक 'किंग' कार्टर म्हणत, १७३२ सालीं वारला तेव्हां त्याच्या नांवें सुमारें ३,००,००० एकर जमीन होती. त्याच्या मुली बर्वेल, पेज, हॅरिसन या घराण्यांत पडल्या. त्याचा मुलगा लँडन यानें विल्यम बर्डची मुलगी केली, आणि बर्डच्या मुलानें लँडनची पुतणी केली. म्हणजे आपण ज्यास साटेंलोटें म्हणतों त्यांतलाच हा प्रकार. गव्हर्नरच्या कौन्सिलांत बसणारे बहुतेक गृहस्थ एकमेकांचे सासरे, जांवई नाहींतर मेहुणे असत. जवळच्या नात्याचा त्यांस विधिनिषेध नव्हता. पुढें अध्यक्ष झालेल्या जेफर्सनची धाकटी मुलगी मारिया हिनें आपल्या मावसभावाशींच लग्न केलें. मामेबहीण आपल्यापैकीं कांहींकडे चालते. मावसभाऊ म्हटलें कीं मात्र आपल्या आजीबाई कानांवर हात ठेवतील.

या सोयरिकींतून इकडून तिकडे जाई तें काय? जमीन तर खरीच. पण जमिनीपेक्षां मोलाचीं होतीं तीवर राबणारीं माणसें. १६६२ सालीं व्हर्जिनियाच्या कायदेमंडळानें ठरविलें कीं, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीहि असो. इंग्लंडांत मूल बापाच्या स्थितीवरून ओळखलें जाई. येथें तो नियम जाणूनबुजून उलटा केला, आणि त्यायोगें मालकाची स्वतःची संततिहि त्याच्या मिळकतींत जमा होऊं लागली. १६९१ सालीं गोऱ्यांनीं काळ्यांशीं लग्न केल्यास गोऱ्यास वसाहतींतून हद्दपारीची शिक्षा ठरली. १७०५ सालीं वारसाच्या कामीं गुलामांस स्थावर मिळकत मानण्यांत आलें. म्हणजे विधवेच्या तिसऱ्या हिश्शांत आतां जमिनीबरोबर माणसेंहि मोजलीं जाऊं लागलीं. गुलामांचीं आपसांतलीं लग्नें मात्र कायद्यास ठाऊकच नव्हतीं. तीं होत, पुष्कळ जन्मभर टिकत, मालक त्यांची टिपणेंहि ठेवीत. परंतु मालकाच्या घरच्या लग्नाचा आणि गुलामाच्या घरच्या लग्नाचा विरोध आला कीं दुसरें मोडावयाचें, हें ठरलेलें. कुणबिणींचा क्रयविक्रय आपल्या पेशवाईंतहि चाले, तेव्हां फार वर मान करून बोलण्याचें आपणांस कारण नाहीं.

या कायद्यांनीं नात्यांचा काय गुंता होई, याचा नमुना जेफर्सनच्या सासुरवाडींत सांपडतो. त्याचा सासरा जॉन वेल्स हा वकील आणि गुलामांच्या व्यापारांतला अडत्या. १७४६ सालीं त्याचें पहिलें लग्न झालें त्या वेळीं बायकोबरोबर आंदण म्हणून आलेल्या गुलामांत एलिझाबेथ हेमिंग्ज ही अल्पवयी मुलगी होती. तीन बायका वारल्यावर वेल्सला या एलिझाबेथपासून सहा मुलें झालीं. त्याची औरस कन्या मार्था १७७२ सालीं जेफर्सनला दिलेली. १७७३ सालीं वेल्स वारला आणि जेफर्सनच्या पदरीं सुमारें ११,००० एकर जमीन, १३५ गुलाम आणि त्याबरोबर मोठें कर्ज पडलें. त्या १३५ मध्यें मार्थाचीं सहा सावत्र भावंडें होतीं! त्यांतली सर्वांत धाकटी सॅली. मार्था १७८२ सालीं वारली. पुढें सॅलीला जेफर्सनपासून मुलें झालीं. या गोष्टीचा घराण्यानें वर्षानुवर्षें इन्कार केला. परंतु १९९८ सालीं वंशजांच्या रक्तांतील आनुवंशिक खुणा तपासण्यांत आल्या, आणि २००० सालीं जेफर्सनचें घर सांभाळणाऱ्या संस्थेनेंच ती गोष्ट जवळजवळ निश्चित म्हणून मान्य केली. म्हणजे सॅली ही नात्यानें त्याची मेहुणी, आणि कायद्यानें त्याची मालमत्ता.

आतां आपल्या थडग्याकडे वळूं. कर्नल डॅनियल पार्क म्हणून एक देखणा व उडाणटप्पू गृहस्थ होता. १७०४ सालीं ब्लेनहाइमच्या लढाईंतील जयाची बातमी राणी अ‍ॅनला त्यानेंच नेऊन पोंचविली आणि बक्षीस म्हणून वेस्ट इंडीजमधील लीवर्ड बेटांची गव्हर्नरी मिळविली. बायको व दोन मुली मागें व्हर्जिनियांत. थोरली फ्रान्सिस हिनें जॉन कस्टिसशीं लग्न केलें, धाकटी ल्यूसी हिनें १७०६ सालीं विल्यम बर्डशीं. दोन्ही जांवयांची नजर सासऱ्याच्या दौलतीवर होती, हें सांगावयास नको. १७१० सालीं अँटीग्वा बेटावरील मळेवाल्यांनीं बंड करून पार्कला ठार मारलें, आणि मग मृत्युपत्र उघडलें. बेटांवरील सारी मिळकत त्यानें तेथल्या एका विवाहबाह्य मुलीस दिली होती. व्हर्जिनियांतील मळे फ्रान्सिसला. पण कर्ज फेडण्याचा बोजाहि तिच्याच माथीं. बर्डनें धूर्तपणा करूं जाऊन, कांहीं जमिनी व गुलाम घेऊन त्यांच्या मोबदल्यांत तें कर्ज आपल्या अंगावर घेतलें. कर्ज अंदाजापेक्षां फार मोठें निघालें आणि तें फेडतां फेडतां त्याचा जन्म गेला. या बर्डनें सांकेतिक लिपींत रोजनिशी लिहून ठेविली होती. तिचा एक भाग १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. ल्यूसीशीं रोजचीं भांडणें, समेट, आणि त्या भांडणांच्या पायीं घरांतल्या गुलाम पोरांना बसलेले फटके, हें सारें तींत एकाच थंड सुरांत नोंदलेलें आहे.

कस्टिसाच्या घरीं याहून वाईट. १७१४ सालीं नवराबायकोंनीं भांडण मिटविण्यासाठीं चक्क करारपत्र लिहून काढलें: एकमेकांस अपशब्द बोलूं नयेत, पैशाचा व्यवहार अमुक रीतीनें करावा, वगैरे. पुढल्याच वर्षीं फ्रान्सिस देवीच्या सांथींत वारली. डॅनियल नांवाचा एक मुलगा व एक मुलगी मागें राहिलीं. म्हाताऱ्यानें पुन्हां लग्न केलें नाहीं. मुलासाठीं आलेली स्थळेंहि तो परतवून लावी. डॅनियलची चाळिशी जवळ आली तरी लग्न नाहीं. अखेर त्याचें मन मार्था डॅनड्रिज या त्याच्याहून वीस वर्षांनीं लहान असलेल्या मुलीवर बसलें. बाप तालुक्याच्या कचेरींतला कारकून, हुंडा बेताचा. म्हातारा भडकला.

याच वेळीं म्हाताऱ्याच्या घरांत जॅक नांवाचा एक मुलगा वाढत होता. आई अ‍ॅलिस ही त्याची गुलाम. १७४४ सालीं म्हाताऱ्यानें जॅकला रीतसर अर्ज करून मुक्त केलें. त्याच्यावर त्याचा जीव होता, आणि डॅनियलला डावलून सगळी इस्टेट यालाच देतों अशी धमकी तो देई. डॅनियलच्या एका वकील मित्रानें ही नाडी बरोबर ओळखली. त्यानें डॅनियलच्या नांवें जॅकला एक घोडा, लगाम आणि खोगीर भेट दिलें. थोड्याच दिवसांत म्हाताऱ्याचा राग निवळला आणि लग्नास संमति मिळाली. सोयरीक जुळविण्यासाठीं भटजींपासून भाटांपर्यंत अनेकांचे हात ओले झाल्याचें आपण ऐकतों. पण नवऱ्यामुलाच्या दासीपुत्र भावाला घोडा देऊन जुळविलेली ही सोयरीक निराळीच. जॅक १७५१ सालीं वारला. लग्न १७५० सालीं झालें. तें पाहण्यास म्हातारा उरला नव्हता.

सात वर्षांनीं डॅनियलहि वारला, आणि मृत्युपत्र न करितां. मागें १७,५०० एकर जमीन, सुमारें ३०० गुलाम आणि दोन लहान मुलें. मार्था २६ वर्षांची. कायद्यानें आपोआप वांटणी झाली: तिसरा हिस्सा तिचा, हयातीपुरता, दोन हिस्से मुलांचे. १७५९ च्या जानेवारींत तिनें दुसरें लग्न केलें तें एका उंचापुऱ्या, अजून फारशी संपत्ति नसलेल्या लष्करी कर्नलशीं. त्याचें नांव जॉर्ज वॉशिंग्टन. त्याचा भाग्योदय या लग्नानें झाला हें त्याचे भक्तहि नाकारीत नाहींत. बायकोचा हिस्सा, सावत्र मुलांच्या मिळकतीचा कारभार, हें सर्व त्याच्या हातीं आलें. आणि पार्कच्या मृत्युपत्रापायीं अँटीग्वाच्या वारसांनीं लावलेला जुनाट खटलाहि वारशानें आला. मात्र बायकोच्या हिश्शांतल्या गुलामांचा तो मालक नव्हता. त्यानें त्यांस विकावयाचें नाहीं, मुक्तहि करावयाचें नाहीं. मार्थाच्या पश्चात् तीं सर्व माणसें, व १६६२ च्या त्या नियमाप्रमाणें त्यांतल्या बायकांच्या पोटीं झालेलीं सर्व मुलें, कस्टिसांच्या वारसांकडे परत जावयाचीं.

चाळीस वर्षें हीं दोन तऱ्हेचीं माणसें माउंट व्हर्नन येथें एकत्र राबलीं, आणि अर्थातच एकमेकांत लग्नें करूं लागलीं. १७९९ सालीं वॉशिंग्टननें स्वतः यादी केली: एकूण ३१७ माणसें, १२३ त्याचीं, १५३ कस्टिसांचीं, उरलेलीं भाड्यानें घेतलेलीं. कोण कोणाचा नवरा, कोण कोणाची बायको, हेंहि त्यानें लिहिलें आहे. आयझॅक सुतार हा वॉशिंग्टनचा. त्याची बायको किटी, जी दूधदुभत्याकडे असे, ती कस्टिसांची. म्हणून त्यांच्या मुलीहि कस्टिसांच्या. अशीं जोडपीं पुष्कळ होतीं. त्याच उन्हाळ्यांत केलेल्या मृत्युपत्रांत वॉशिंग्टननें आपल्या गुलामांना मुक्त केलें, पण तें मार्थाच्या पश्चात्. आणि विलंबाचें कारण हेंच दिलें कीं, दोन्हीकडच्यांच्या विवाहसंबंधांमुळें आधींच मुक्तता केल्यास फार दुःखाचे प्रसंग येतील. त्यानें दुःख टाळलें नाहीं, पुढें ढकललें. आपल्या मृत्यूची एवढीं माणसें वाट पाहत आहेत ही कल्पना मार्थास सहन होईना, असें अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सच्या एका पत्रांतून दिसतें. मार्थानें १८०१ च्या पहिल्या जानेवारीस नवऱ्याच्या गुलामांना सोडून दिलें. आयझॅक मोकळा झाला, किटी राहिली.

वारस होते चार नातवंडें: मार्थाच्या पहिल्या घरच्या मुलाच्या तीन मुली व एक मुलगा. थोरली एलायझा हिची हकीकत आपणांस जवळची वाटेल. १७९६ सालीं तिनें टॉमस लॉ नांवाच्या इंग्रजाशीं लग्न केलें. हा लॉ पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, बिहारांत गयेचा कलेक्टर. पैसा घेऊन तो अमेरिकेस आला आणि हिंदी स्त्रीपासून झालेले आपले मुलगेहि त्यानें तिकडे नेले. त्याचा सख्खा पुतण्या म्हणजे पुढें गव्हर्नर जनरल झालेला लॉर्ड एलिनबरो, ज्याच्या अमदानींत १८४३ सालीं महाराजपूर व पनियार येथें शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला.

या लग्नांत नातीला आंदण म्हणून आपली खास दासी ओना जज द्यावी, असें मार्थानें ठरविलें. ओना तेव्हां विशीबाविशींतली, उत्तम शिवणकाम करणारी, आणि अध्यक्षांच्या कुटुंबाबरोबर फिलाडेल्फियास राहणारी. आपणांस दिलें जाणार हें तिच्या कानीं आलें. १७९६ च्या मे महिन्यांत मंडळी जेवावयास बसलेली असतां ती घरांतून निघाली ती जहाजानें थेट न्यू हॅम्पशरमधील पोर्ट्‌स्मथला पोंचली. वॉशिंग्टननें तिचा पत्ता काढविला. तेथल्या जकात अधिकाऱ्याकरवीं बोलणें लावलें. तुमच्या पश्चात् मला मुक्त कराल तर येतें, असें तिनें कळविलें; वॉशिंग्टननें तें धुडकावून लावलें. त्यानें हें केवळ करारीपणानें केलें असें मला वाटत नाहीं. ती त्याची नव्हतीच. मृत डॅनियल कस्टिसच्या वारसांची होती, आणि ती गेली तर तिची भरपाई त्याला द्यावी लागली असती. ओनानें तेथें एका खलाशाशीं लग्न केलें, तिला मुलें झालीं. बाप मुक्त, जन्म मुक्त प्रांतांतला. तरी कायद्यानें तीं मुलें कस्टिसांचींच. ती १८४८ सालीं वारली तोंपर्यंत तिला कोणीं मुक्त केलें नव्हतें. एलायझाकडे तिच्याऐवजीं गेली तिची धाकटी बहीण. लॉनें पुढें १८०७ सालीं तिला मुक्त केलें. त्याचें स्वतःचें लग्न तोंवर मोडलें होतें.

मार्था १८०२ च्या मे महिन्यांत वारली आणि ठरल्याप्रमाणें चार वाटे झाले. डॅनियलला जाऊन पंचेचाळीस वर्षें झालीं होतीं. त्यानें ज्यांना कधीं पाहिलें नाहीं अशीं माणसें, त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्यांच्या पोटचीं, त्याच्या चार नातवंडांच्या चार घरीं निघून गेलीं. मुक्त झालेले नवरे बायकांच्या मागोमाग त्या त्या मळ्यांच्या आसपास मजुरी शोधीत फिरले. कांहींनीं पैपैसा जमवून आपलीं माणसें विकत घेतलीं.

नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस यानें पोटोमॅक नदीच्या कांठीं टेंकडीवर मोठा वाडा बांधला आणि त्याला पणजोबाच्या त्या जुन्या घराचें, म्हणजे थडग्यावर कोरलेलें, आर्लिंग्टन हें नांव दिलें. याच वाड्यांत १८३१ सालीं त्याच्या एकुलत्या औरस मुलीचें लग्न रॉबर्ट ली याच्याशीं झालें, जो पुढें दक्षिणेचा सेनापति म्हणून प्रसिद्धीस आला. कस्टिस १८५७ सालीं वारला. आपले गुलाम पांच वर्षांच्या आंत मुक्त करावेत असें त्यानें लिहून ठेविलें होतें, आणि जांवई लीनें तें मुक्तिपत्र १८६२ च्या डिसेंबरांत, ऐन युद्धांत, मुदत भरतां भरतां केलें. तोंवर वाडा उत्तरेकडील सैन्याच्या ताब्यांत गेलेला; १८६४ पासून तेथें सैनिकांचीं थडगीं होऊं लागलीं.

परंतु त्या वाड्याच्या दिवाणखान्यांत लीच्या लग्नाच्या दहा वर्षें आधीं, १८२१ सालीं, आणखी एक लग्न लागलें होतें. वधू मारिया कार्टर, वर चार्ल्स सायफॅक्स, दोघेंहि गुलाम. मारिया ही कस्टिसला एका दासीपासून झालेली मुलगी. त्यानें तिला पुढें मुक्त केलें आणि मळ्याच्या एका टोकाची १७ एकर जमीन तोंडी देऊन टाकली. कागद कांहींच केला नाहीं. युद्धांत सरकारनें सगळा मळा जप्त केला तेव्हां त्यांत मारियाचे १७ एकरहि गेले. तिच्यातर्फें अर्ज झाले, आणि १८६६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें खास कायदा करून ती जमीन तिच्या नांवें करून दिली.